खाऱ्या पाण्याचं बिऱ्हाड

"मी येतो. पण टाकी येणार असेल तरच," असं माझे सासरे म्हणाले, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने "त्यात काय एवढं!" असं म्हणून गेलो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच तीन शब्दांनी सुरू झालेली आहेत. माझं लग्नसुद्धा त्यात धरता येईल, पण बायको हे वाचणार असल्यामुळे तो विषय इथेच सोडतो.

टाकी म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हे. ती असती तर मी डोक्यावर घेऊन आलो असतो. ही सासऱ्यांच्या बैठकीतली काचेची टाकी, आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा अंमळ मोठी. तिच्यात समुद्राचं पाणी, समुद्राची वाळू, समुद्रातले दगड आणि त्या दगडांवर वाढलेली जिवंत पोवळी. मासेही होते, पण ते सासऱ्यांनी आधीच एका शाळेला देऊन टाकले होते. "मासे कुठेही रमतात," ते म्हणाले. पोवळ्यांचं तसं नाही. पाण्याचा खारटपणा जरा हलला, ऊब थोडी कमीजास्त झाली, की ती अंग चोरून घेतात आणि रुसून बसतात. रुसवा फार लांबला तर सरळ मरतात. असल्या स्वभावाची माणसं मी पाहिली आहेत, पण त्यांना बादलीत घालून न्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

त्यातलं सगळ्यात मोठं पोवळं सासूबाईंचं. त्यांनी नखाएवढा तुकडा आणून तो वाढवला होता, आता तो ताटाएवढा झाला होता. दिवा लागला की त्याची हिरवट बोटं बाहेर यायची आणि पाण्याबरोबर डोलत राहायची. सासूबाई गेल्या तेव्हापासून सासरे रोज त्याच्यासमोर खुर्ची टाकून चहा पीत.

आता हे सगळं हलवायचं कशाला, तर सासरे मध्यंतरी न्हाणीघरात पडले, आणि शेजारणीने दार ठोठावेपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण बायकोचा धीर मोडला. बाबांनी फोन उचलायला उशीर केला की हिच्या हातातलं काम गळून पडायचं. रोज एकच धोशा, "ते तिकडे एकटे आहेत." शेवटी ते यायला तयार झाले आणि त्यांनी ही अट घातली. ते समुद्राकाठी राहणार आणि आम्ही दिवसभराच्या रस्त्यावर, जिथे समुद्र फक्त नकाशात आहे. पोवळं वाचलं तर सासरे राहणार, नाही वाचलं तर पुन्हा त्या फरशीवर जाणार, इतका सरळ हिशोब होता. बायको नव्या जागेची तयारी करायला घरी थांबली आणि मी रजा काढून एकटाच निघालो.

मी पोचल्याची बातमी इमारतीत लगेच पसरली. तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर सकाळीच वर आले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी सही कुठेच केलेली नव्हती, त्यामुळे ती शक्ती सगळी सल्ल्यात उतरली होती.

"पाणी कशाला नेताय?" त्यांनी टाकीला एक चक्कर मारून विचारलं. "पाणी तुमच्याकडे येत नाही का?"

"येतं. पण गोडं येतं."

"मग मीठ टाका! घरात मीठ नाही?"

पोवळ्यांना त्यांचं सवयीचं पाणी लागतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "सासऱ्यांपुढे नाही म्हणता येत नाही, असंच ना?" मला हे लागलं. जावई असलो तरी मला मतं आहेत. ती कुणी विचारत नाही ही गोष्ट निराळी.

वाहतूक कंपनीच्या कारकुनाने पहिला खोडा घातला. "जिवंत माल असेल तर जनावरांच्या डॉक्टरचा दाखला पाहिजे," तो म्हणाला. दुसरा कुणी असता तर चिडला असता. मला मात्र बरं वाटलं. मी विमा कचेरीत दावे तपासतो. कागद नसेल तर घटना घडलीच नाही, असं मानून मी इतकी वर्षं पगार घेतला आहे. या सगळ्या प्रकरणात माझ्या ओळखीची अशी ही पहिलीच वस्तू होती.

टाकीतले दगड आम्ही काढून बाल्कनीतल्या तीन टबांत ठेवले, लहान पोवळी असलेले तिसऱ्यात, मोठं पोवळं झाकणाच्या बादलीत घेतलं आणि रिक्षाने दवाखान्यात गेलो. सासरे बादली मांडीवर घेऊन बाकावर बसले. आमच्या एका बाजूला शेळी होती आणि दुसऱ्या बाजूला एक फार मोठा कुत्रा होता, जो सबंध वेळ माझ्याकडेच बघत होता. आत गेल्यावर डॉक्टरांनी बादलीत वाकून पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बादलीत पाहिलं.

"काय होतंय याला?"

"काही होत नाही. प्रवासाला चाललंय," मी म्हणालो.

"खातं का नीट?"

"खातं," सासरे म्हणाले.

"चावतं?"

"शेजारच्या पोवळ्याला डंख मारतं. लांबच्यांना त्रास नाही."

"हे बऱ्याच घरांत असतं," असं म्हणून डॉक्टरांनी लिहायला घेतलं. दाखला उत्तम झाला. 'रुग्ण शुद्धीवर असून प्रवासास योग्य आहे. पाय नाहीत.' खाली गोल शिक्का. मी तो घडी न घालता फायलीत ठेवला आणि फाईल छातीशी धरली.

परत आलो तर वरच्या मजल्यावरच्या मावशी आमच्या बाल्कनीत कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सासरे पडले तेव्हा दार ठोठावणाऱ्या त्या याच. घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असे. चेहरा घामाने डबडबलेला, पण समाधानी होता.

"किती घाण साचली होती हो दगडांवर!" त्या म्हणाल्या. "शेवाळ काय, बुळबुळीत थर काय! नव्या घरी असलं कशाला न्यायचं? दोन टब धुण्याची पावडर घालून ब्रशने खसाखसा घासले. तिसरा घेणार होते, पण पाठ धरली."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. दगडांवरच्या त्या बुळबुळीत थरातच टाकीचं पाणी शुद्ध ठेवणारे जीव राहतात, हे त्यांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या थराशिवाय पाणी नासतं आणि पोवळी मरतात. ते सगळे जीव आता मोरीतून गावाच्या गटारात गेले होते आणि दगड ऊन खात पांढरेशुभ्र पडले होते.

सासऱ्यांनी एक दगड उचलून बोटाने चाचपला. मग म्हणाले, "स्वच्छ झाले हो अगदी. उगाच तुम्हाला त्रास." आणि तिसरा टब स्वतः उचलून आत घेऊन गेले. मावशी खूश होऊन वर गेल्या. मी मात्र त्यांना मनातल्या मनात जे काही बोललो ते छापण्यासारखं नाही.

निघायच्या दिवशी टेम्पोवाला आला. पाण्याची पिंपं, दगडांचा एकुलता टब, बादल्या, सामान असं सगळं चढलं. रिकामी टाकी मधोमध ठेवून, ओरखडे नकोत म्हणून तिच्यावर पांढरी चादर घालून सगळीकडून दोरीने बांधली. मोठ्या पोवळ्याची बादली टाकीशेजारी ठेवली. तिच्यात सेलवर चालणारा छोटा पंप बुडबुडे सोडत होता. सासरे म्हणाले, "मी मागेच बसतो." मालाच्या गाडीत मागे बसायला परवानगी नसते, हे मी त्यांना नियमांसहित सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मागे जाऊन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान खाली घालून ते त्या पांढऱ्या चादरीशेजारी बसले. त्यांचा चेहरा मुळातच गंभीर.

गावाबाहेर पडेपर्यंत माझ्या काही लक्षात आलं नाही. मग दिसायला लागलं की गाड्या आपणहून बाजूला होतायत. हॉर्न कुणी वाजवत नाही. एका सायकलवाल्याने खाली उतरून टोपी काढली. टेम्पोवाल्याने गाणी बंद केली आणि हळूच विचारलं, "साहेब, मागे नक्की काय आहे म्हणालात?" मी सांगितलं. त्याने मान डोलावली, पण गाणी काही पुन्हा लावली नाहीत.

तपासणी नाक्यावर आम्ही थांबलो तेव्हा तिथला अधिकारी खिडकीशी आला. त्याने मागे डोकावून पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "जाऊ द्या यांना," तो फाटकावरच्या माणसाला म्हणाला. फाटक वर गेलं. टेम्पोवाल्याने गिअर टाकला.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसून पुढे जायचं असतं. पण माझ्या मांडीवर फाईल होती. फाईलमध्ये दाखला होता. शेळी आणि कुत्रा यांच्यामध्ये बसून मिळवलेला, गोल शिक्क्याचा दाखला, आणि तो कुणीही बघणार नव्हतं.

"एक मिनिट," मी म्हणालो. "कागदपत्रं पाहून घ्या. सगळं नियमाप्रमाणे आहे."

अधिकाऱ्याने दाखला वाचला. पुन्हा वाचला. "शुद्धीवर आहे? म्हणजे जिवंत आहे?"

मी खाली उतरलो, चादरीचं टोक वर केलं, बादलीचं झाकण काढलं आणि त्याला पोवळ्यांविषयी माहिती दिली. माहिती जरा जास्तच दिली. फाटक खाली आलं.

"दाखला तर जनावराचा आहे," तो म्हणाला. "मला तर हे झाड दिसतंय. झाड असेल तर वनखात्याचं पत्र लागेल."

"झाड नाही. प्राणी आहे."

त्याने बोट घालून खालचा टणक भाग चाचपला. "हा तर दगड आहे! दगड असेल तर खाणीची पावती लागेल."

"प्राणीच आहे. त्याने स्वतःभोवती दगड बांधलाय."

"परवानगी घेऊन बांधलाय का?" असं त्याने विचारलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. तो म्हणाला, "मोठे साहेब जेवायला गेलेत. ते येऊन ठरवतील. गाडी बाजूला घ्या."

बाजूला झाड नव्हतं, आडोसा नव्हता, ऊन मात्र भरपूर होतं. मोठे साहेब जेवणाच्या बाबतीत सावकाश असावेत. मी फाईल घेऊन नाक्याच्या खोलीत चकरा मारत होतो आणि नियमांतली कलमं सांगत होतो. अधिकारी फुटपट्टीने पाठ खाजवत ती ऐकत होता. मध्येच टेम्पोवाला येऊन म्हणाला, "साहेब, मागचं ते बुडबुड करणारं थांबलंय."

मी धावलो. पंपाचे सेल संपले होते. जादाचे सेल मी अगदी आठवणीने घेतले होते आणि माझ्या बॅगेत घातले होते. बॅग टाकीखाली होती आणि टाकी सगळीकडून बांधलेली होती. सासऱ्यांच्या हातात चहाचा स्टीलचा मग होता. ते बादलीतलं पाणी मगात घेऊन उंचावरून पुन्हा बादलीत सोडत होते, हवा मिसळावी म्हणून. घ्यायचं, सोडायचं. अंगावरचा शर्ट कोपरापर्यंत भिजला होता. पाणी हाताला कोमट लागत होतं. पोवळ्याने बोटं पार आत ओढून घेतली होती आणि त्याच्यावर चिकट साय आली होती.

"द्या, मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही कागद सांभाळा," ते म्हणाले.

त्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला सगळ्यात जास्त झोंबलं. त्यांनी तो मग टेम्पोवाल्याच्या हातात दिला, खाली उतरले आणि सरळ त्या खोलीत गेले. मी मागोमाग गेलो, फाईल तशीच छातीशी.

"साहेब," सासरे अधिकाऱ्याला म्हणाले, "जनावर लिहा, झाड लिहा, दगड लिहा. ते माझ्या बायकोचं आहे. ती नाहीये आता. मला एवढं घेऊन जाऊ द्या."

अधिकारी उठला आणि त्याने स्वतः जाऊन फाटक वर केलं. माझी फाईल कुणी मागितली नाही. तिथून घरापर्यंत मी मागच्या बाजूला तोंड करून बसलो होतो आणि मधल्या काचेतून मला तो मग वरखाली होताना दिसत होता. मध्ये एकदा तो बराच वेळ दिसला नाही. मग पुन्हा दिसायला लागला.

घरी बायकोने बैठकीतल्या खिडकीखालची जागा मोकळी करून ठेवली होती. तिने बाबांचे भिजलेले, सुरकुतलेले हात पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि टॉवेल आणून दिला. टाकी भरली. धुतलेले दगड तिकडेच राहिले होते, उरलेले आत गेले. व्हायचं तेच झालं. पाणी धुण्याच्या पाण्यासारखं गढूळ झालं आणि मोठं पोवळं मुठीसारखं मिटून बसलं.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात आजारी माणूस असल्यासारखे गेले. आम्ही हळू बोलायला लागलो. दारं आपटेनाशी झाली. इथले शेजारीही मागे नव्हते. समोरच्या वहिनी येऊन "अजून तसंच आहे का हो?" असं दारातूनच विचारून जायच्या. सासरे रोज थोडं पाणी काढायचे, थोडं नवं घालायचे, चव घेऊन बघायचे. त्यांचे कपडे अजून बॅगेतच होते. धुतलेला शर्ट वाळला की घडी घालून पुन्हा बॅगेत. बायको ती बॅग पाहायची आणि मग टाकीकडे पाहायची. "नाही उलगडलं तर जातील हो ते," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली आणि ओट्याला टेकून रडली. मी तिला धीर दिला. माझ्यापाशी तो अजिबात नव्हता.

आणि मग एका सकाळी, मी पेपर घेऊन बैठकीत आलो तेव्हा, पाणी स्वच्छ होतं आणि पोवळ्याने बोटं बाहेर काढली होती. सगळी. हिरवट, लांब, मऊ, इकडून तिकडे डोलणारी. मी जोरात हाक मारली. बायको ओल्या हातांनी धावत आली, बघून रडली, हसली, आणि समोरच्या वहिनींना सांगायला तशीच धावली. माझी छाती फुगली होती. दिवसभराच्या रस्त्यावरून मी समुद्र उचलून आणला होता! मी वळून सासऱ्यांना म्हणालो, "बघा बाबा. जमलं की नाही?"

सासरे खुर्चीत बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"जमलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, नाही जमायचं."

"कसं नाही जमणार?"

"म्हणून तर तशी अट घातली, जावईबापू. सरळ नाही म्हणालो असतो तर पोरगी रडली असती. म्हटलं, अशी अट घालू की कुणाचं मनही मोडणार नाही आणि मला माझ्या घरात राहता येईल. तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणालात. आता काय बोलणार?"

मी पेपर खाली ठेवला. मी म्हणालो, "मग रस्त्यात तो मग घेऊन कशाला बसलात? नुसते बसून राहिला असतात तरी..."

"बसलो होतो," ते म्हणाले. "नाक्याच्या पुढे एकदा हात थांबवला होता मी. म्हटलं, होऊ दे व्हायचं ते. मग ते आणखी आत आत जायला लागलं. तिने किती केलं होतं त्याचं. नाही बघवलं मला."

तेव्हा मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी स्वतःला मोठा कर्तबगार समजत होतो, आणि एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच शब्दात पकडून, चादर घालून, दोरीने बांधून घेऊन आलो होतो. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसलो.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला परत जायचं असेल तर सांगा. हिला मी समजावतो. टाकी मी परत नेऊन देईन." हे बोलता बोलताच माझी कंबर दुखायला लागली, पण शब्द मागे घेतला नाही.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "न्याल?"

"नेईन. दाखला आहेच."

ते हसले. सासूबाई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. चहा निवून गेला. बाहेर बायको वहिनींना पोवळ्याची बोटं स्वतःच्या बोटांनी करून दाखवत होती, ते खिडकीतून दिसत होतं. सासरे तिच्याकडे बघत राहिले. ती आत आली तसे ते उठले, टाकीजवळ गेले आणि काचेवर तळहात टेकला.

"इथे सकाळचं ऊन थेट पडतं," ते म्हणाले. "चार दिवसांनी काचेवर शेवाळ धरेल. ही जागा चालायची नाही. टाकी हलवायला लागेल."

"हलवायला?" मी म्हणालो. "म्हणजे पुन्हा सगळं पाणी उपसायचं? दगड काढायचे? सगळं?"

"सगळं."

"कुठे न्यायची?"

"माझ्या खोलीत," सासरे म्हणाले.

मी बायकोकडे पाहिलं. ती तोवर आत गेली होती आणि बाबांसाठी ठेवलेल्या मागच्या खोलीतून पलंग सरकवल्याचा आवाज यायला लागला होता.